तिजोरीची किल्ली तिजोरीतच!

कुलूप चोरासाठी असते, अशी आपली सर्वांची समजूत आहे. परंतु कधी कधी चोर फिरकतही नाही आणि तेच कुलूप घरच्या माणसालाच बाहेर उभे करते. मांडवगण फराटा येथील आमच्या घरी असाच प्रसंग ओढवला. त्यात आमची जी फजिती झाली, ती इतर बंधू-भगिनींची होऊ नये, म्हणून आपल्या घरची गोष्ट असूनही ती येथे सांगत आहे.

आमची आई होती तोवर घरात एक हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक होती. ती खाटेखाली असे आणि तिची किल्ली आईच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. ट्रंकेत सोने-नाणे फारसे नव्हतेच. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचे उतारे, रेशनकार्ड, लग्नाच्या पावत्या आणि एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवलेला आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, एवढीच काय ती दौलत. पण त्या उताऱ्याची किंमत सोन्याहून जास्त. जात पडताळणीच्या वेळी आपल्या लोकांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत किती हिंडावे लागते, हे ज्याने ते काम केले आहे त्यालाच ठाऊक. आजोबा दोन इयत्ता शिकले. परंतु त्या दोन इयत्तांच्या नोंदीवर आज तिसरी-चौथी पिढी शिकत आहे.

आई गेल्यानंतर आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, पुण्याहून एक डिजिटल तिजोरी आणली. ट्रंकेतले सारे कागद, वहिनींचे मंगळसूत्र आणि बचत गटाची रोकड त्या तिजोरीत गेली. ट्रंकेत गोधड्या आल्या. बटणे दाबली की 'टिट टिट' आवाज होऊन दार उघडते, याचे घरात मोठे कौतुक झाले. तीन वर्षे सारे सुरळीत चालले.

त्या शनिवारी काय झाले?

आमची पुतणी बारावी झाली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी सोमवारी सकाळी पुण्याला मूळ कागदपत्रे तपासायला न्यायची होती. गुणपत्रके, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास दाखला, सारे तिजोरीत. शनिवारी संध्याकाळी ती पिशवी भरायला बसली आणि आईला म्हणाली, "आई, तिजोरीचा नंबर सांग."

वहिनींना नंबर ठाऊक नव्हता. तीन वर्षांत त्यांना तो कोणी सांगितलाच नव्हता. काही ठेवायचे-काढायचे झाले, तर अण्णा स्वतः उघडत. अण्णा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. त्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती आणि कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. माय-लेकी रात्री साडेबारापर्यंत वाट पाहत बसल्या.

अण्णा आले, हातपाय न धुता तिजोरीपुढे बसले, नंबर दाबला. हिरवा दिवा लागला, आवाजही झाला, पण मूठ फिरेना. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. घाईघाईत दोन-तीनदा नंबर चुकला. मग तांबडा दिवा लागला आणि बटणे मुकी झाली. संध्याकाळी लाईट गेली होती, त्यामुळे झाले असेल, असे कोणी म्हणाले. परंतु तिजोरीचा आणि घरातल्या लाईटचा काही संबंध नव्हता. ती सेलवर चालते.

"अहो, तिच्यासोबत एक छोटी चावी आली होती ना?" वहिनींनी विचारले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "ती आत ठेवलीय." चावी आत, खरेदीची पावती आत आणि वापराची पुस्तिकाही आत!

आधी हात आवरा

रविवारी सकाळी मला फोन आला. शिरूरहून एस.टी.ने मांडवगणला पोहोचेपर्यंत अंगणात दहा-बारा माणसे जमली होती. एकाच्या हातात घण होता. वेल्डिंगच्या दुकानातला मुलगा गॅसकटर घेऊन तयार होता. "काका, पाच मिनिटांचे काम आहे," तो म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता. परंतु त्या पाच मिनिटांत काय झाले असते, याचा विचार करा. गॅसकटरची ज्योत पोलाद वितळवते. कागद मात्र २३० अंश सेल्सिअसच्या आसपासच काळा पडून पेट घेऊ लागतो. घरगुती तिजोऱ्या बहुधा साध्या पत्र्याच्या असतात, त्यांच्या भिंतीत उष्णता अडवणारा थर नसतो. दार उघडले असते, पण आत आजोबांच्या दाखल्याची राख मिळाली असती. ग्राइंडरच्या ठिणग्यांचीही तीच गोष्ट.

घणाने तरी काय होते? पातळ पत्रा वाकतो, दारातले दांडे चौकटीत रुतून बसतात आणि जे काम एका सेलवर झाले असते ते कारागिराच्याही हाताबाहेर जाते. भारी बनावटीच्या काही तिजोऱ्यांत तर जोराचा मार बसला की आतले दुसरे कुलूप आपोआप पडते. ती सोय चोरासाठी केलेली असते. परंतु घण मारणारा चोर आहे की मालक, हे तिजोरीला कसे कळावे?

म्हणून पहिला नियम असा की, तिजोरी उघडली नाही तर प्रथम स्वस्थ बसावे. आत जे आहे ते सुरक्षितच आहे, ते कोठे पळून जात नाही.

हे कुलूप असते कसे?

आतली रचना समजली की निम्मी भीती जाते. दारावरची मूठ फिरवली की दारातले जाड दांडे मागे सरकतात आणि दार उघडते. परंतु त्या दांड्यांच्या वाटेत एक लहानसा खिळा आडवा घातलेला असतो. योग्य नंबर दाबला की तारेच्या वेटोळ्यात क्षणभर वीज जाते, वेटोळ्याचे लोहचुंबक बनते आणि तो खिळा मागे ओढला जातो. तेवढ्या चार-पाच सेकंदांत मूठ फिरवायची असते. काही तिजोऱ्यांत वेटोळ्याऐवजी छोटी मोटार असते, पण तत्त्व एकच.

आता गंमत पाहा. दिवा लावायला आणि आवाज करायला अगदी थोडी वीज पुरते. खिळा ओढायला मात्र एकदम जोर लागतो. सेल जुने झाले की ते दिवा लावतात, आवाज काढतात, परंतु खिळा ओढू शकत नाहीत. माणूस समजतो की दिवा लागला म्हणजे सेल ठीक आहेत, बिघाड दुसराच काही आहे. बहुतेक वेळा दोष सेलचाच असतो. आणि हे सेल बसवायची जागा पुष्कळ तिजोऱ्यांत दाराच्या आतल्या बाजूला असते. म्हणजे सेल बदलायला दार उघडायला हवे आणि दार उघडायला सेल बदलायला हवेत!

बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून ते बाहेरून दुसरा मार्ग ठेवतात. काही तिजोऱ्यांत बटणांच्या पट्टीखाली किंवा रबरी टोपणाखाली दोन धातूचे ठिपके असतात, त्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची असते. काहींसोबत चार सेलची वेगळी डबी येते, तिची पिन बाहेरच्या भोकात घालायची असते. अलीकडच्या काही तिजोऱ्यांना मोबाईलची पॉवर बँक जोडता येते. याशिवाय बहुतेक घरगुती तिजोऱ्यांना एखाद्या झाकणीमागे साध्या चावीचे भोक असते. ही झाकणी कधी कंपनीच्या नावाची पट्टी असते, कधी एका स्क्रूने बसवलेली असते. सेल संपले म्हणून ठरवलेला नंबर सहसा पुसला जात नाही. बाहेरून वीज दिली की तोच नंबर चालतो.

आणि ती मुकी झालेली बटणे? तीन-चार वेळा नंबर चुकला की तिजोरी काही मिनिटे स्वतःला बंद करून घेते. कोणी अंदाजाने नंबर लावत बसू नये, म्हणून ही सोय असते. त्या वेळात बटणे दाबत राहिले, तर कित्येक तिजोऱ्यांत मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दार कसे उघडले?

आम्ही घण बाजूला ठेवायला लावला आणि वीस मिनिटे बटणांना कोणालाही हात लावू दिला नाही. पुतणीने टॉर्च घेऊन दार न्याहाळले. तिला बटणांच्या खाली एक काळे रबरी टोपण दिसले. ते नखाने काढले तर आत दोन चकचकीत ठिपके. अण्णांनी तीन वर्षांत ते टोपण कधी पाहिले नव्हते.

आता नऊ व्होल्टची बॅटरी कोठून आणायची? गावातल्या दुकानांत पेन्सिल सेल मिळाले, ती बॅटरी मिळेना. शिरूरला परत जावे तर दुपार होणार. एवढ्यात एका मुलाला आठवले की, वर्षावासाच्या ग्रंथवाचनासाठी विहारातल्या बिनवायरच्या माइकमध्ये परवाच तशी बॅटरी घातली आहे. तो पळत जाऊन ती घेऊन आला. बॅटरी ठिपक्यांना टेकवली, अण्णांनी नंबर दाबला. आतून 'खट्' असा आवाज झाला. पण मूठ तरीही फिरेना.

सारे पुन्हा घणाकडे पाहू लागले. तेव्हा वहिनी पुढे आल्या. म्हणाल्या, "भावोजी, हे दार लावताना हे दर वेळी हाताच्या तळव्याने आत दाबतात. आत फायली कोंबल्यात. मग उघडतानाही दाबायला नको का?"

किती साधी गोष्ट! आतल्या फायली दाराला बाहेर रेटत होत्या, त्यामुळे दांडे चौकटीला घट्ट टेकले होते आणि तो छोटा खिळा त्यांच्यामध्ये चिमटला होता. वहिनींनी गुडघ्याने दार आत दाबले, पुतणीने बॅटरी धरली, अण्णांनी मूठ जरा उलटी फिरवून सैल केली, पुन्हा नंबर दाबला आणि मूठ सरळ फिरवली. दार उघडले. वर्षानुवर्षे नंबरापासून दूर ठेवलेल्या बाईनेच शेवटी दार उघडून दिले, असेच म्हणावे लागेल.

तरीही उघडले नाही तर

इतके सारे करून उपयोग झाला नाही, तर कंपनीच्या दुरुस्ती केंद्राला फोन करावा. ते खरेदीची पावती, तिजोरीचा क्रमांक आणि ओळखपत्र मागतात. आणि मागितलेच पाहिजे, नाहीतर कोणीही कोणाचीही तिजोरी उघडून घेईल. कंपनीचा माणूस येणार नसेल, तर तिजोरीचे काम जाणणारा कारागीर बोलवावा. रस्त्यावर चाव्या बनवणाऱ्या प्रत्येकाला हे काम येते असे नाही. चांगला कारागीर आधी वरील सारे उपाय करतो. छिद्र पाडायचेच झाले, तर ते नेमक्या एका जागी पाडतो आणि नंतर बुजवून देतो. मजुरी आधी ठरवावी, घरातली दोन मोठी माणसे शेवटपर्यंत समोर असावीत, आणि काम झाल्यावर त्याच दिवशी नंबर बदलावा.

मजबूत पेटी पुरेशी नाही

मौल्यवान वस्तू जपून ठेवण्याची धडपड आपल्या मुलखात फार जुनी आहे. आमच्या शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ साली सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्या लोकांची दौलत म्हणजे धान्य. ते साठवण्याची पेवे, रांजण आणि कणगीची जोती तेथे मिळाली आहेत. धान्याच्या जागी पुढे दागिने आले, दागिन्यांसोबत कागद आले आणि पेवाच्या जागी तिजोरी आली.

मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि पुढे तिजोऱ्याही बनवल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला, शेकडो माणसे मेली, आजूबाजूच्या वखारी जळून गेल्या. त्या राखेत सापडलेल्या कित्येक गोदरेज तिजोऱ्यांतली कागदपत्रे मात्र शाबूत होती. पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याच कारखानदारांच्या विक्रोळीच्या कारखान्यात लाखो मतपेट्या बनल्या. गरिबाचे मत ज्यात पडले, ती पेटीही कुलपाचीच.

म्हणजे मजबूत पेटी बनवणे माणसाला केव्हाच जमले. अडते ते किल्लीपाशी. ओडिशात पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराचे उदाहरण ताजे आहे. २०१८ साली तपासणीची वेळ आली तेव्हा आतल्या दालनाची किल्लीच सापडेना. एवढ्या मोठ्या राज्यात त्यावर गदारोळ झाला, चौकशी बसली. अखेर १४ जुलै २०२४ रोजी आतले दालन उघडले, ते हाती असलेल्या किल्ल्यांनी कुलपे उघडेनात म्हणून तोडून. जिथे सरकार, समित्या आणि पहारे आहेत तिथे हे होते, तर आमच्या अण्णांना काय दोष द्यावा?

कचेरीतला नियम घरात आणा

मी कारकून माणूस. माझा जन्म फायली आणि कुलपे यांत गेला. बँकांच्या किंवा सरकारी रोकड तिजोरीची पद्धत पाहा. तिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही. जादा किल्ल्यांचा जोड त्या इमारतीत ठेवत नाहीत, दुसऱ्या शाखेत मोहोरबंद करून ठेवतात. किल्ली कोणी, कोणाकडे, कोणत्या तारखेला दिली, याचे रजिस्टर असते. निवडणुकीनंतर मतदान यंत्रे ठेवलेल्या खोलीलाही दुहेरी कुलूप असते ते याच कारणाने.

या नियमामागे अविश्वास आहे असे काहींना वाटते. ते अर्धेच खरे. माणूस आजारी पडतो, त्याची बदली होते, त्याला अपघात होतो, तो मरतो. एका माणसावाचून काम अडू नये, हा त्या नियमाचा खरा अर्थ आहे. कचेरीत आम्ही हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळतो आणि घरी आलो की विसरतो. घरात सारे एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि तो माणूस बहुधा घरचा कर्ता पुरुष असतो.

याचे परिणाम मी पाहिले आहेत. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत वस्त्यावस्त्यांतून तरणे-ताठे पुरुष गेले. पुढे मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळू लागले, तेव्हा त्यांचे अर्ज भरून देण्यासाठी आम्ही काही कार्यकर्ते बसत असू. समोर बसलेल्या भगिनींना पतीचे पासबुक कोठे आहे, विमा होता की नव्हता, कपाटाची किल्ली कोणती, हे सांगता येत नसे. त्या अडाणी नव्हत्या. त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. दुःख बाजूला ठेवून त्यांना कपाटे उचकावी लागली.

त्या रविवारी दार उघडल्यावर अण्णा म्हणाले, "तिला कशाला ताप, म्हणून सांगितला नाही नंबर." मी त्यांना विचारले, "वहिनी बचत गटाच्या पैशाचा पै न् पैचा हिशेब ठेवतात. गावातल्या बाया त्यांच्यावर विश्वास ठेवतात. मग आपल्या घराला तो का नसावा?" अण्णा समजूतदार आहेत. त्यांनी तेथेच सर्वांसमक्ष नाही, पण माणसे गेल्यावर वहिनींना आणि पुतणीला नंबर सांगितला. तो होता १४०४. पुतणीला हसू आवरेना. म्हणाली, "अण्णा, मी घाबरले नसते तर पहिला हाच दाबला असता!"

वाचकहो, हसण्यावारी नेऊ नका. बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख, धम्मदीक्षेचे साल, मुलांचे जन्मदिवस, गाडीचा नंबर, हेच आपल्या पुष्कळांच्या मोबाईलचे आणि एटीएमचे नंबर असतात. प्रेम मनात असावे. कुलपाचा नंबर असा असावा की, आपल्याला ओळखणाऱ्यालाही तो सुचू नये. काही जण तर तिजोरीसोबत कारखान्यातून आलेला नंबरही बदलत नाहीत, आणि तो नंबर पुस्तिकेत छापलेला असतो.

एवढी कामे या आठवड्यात करा

१. तिजोरीची साधी चावी आजच बाहेर काढा. ती त्याच कपाटातही ठेवू नका, विश्वासाच्या नातेवाइकाकडे द्या. चावीवर काही लिहू नका.

२. बाहेरून वीज देण्याची सोय कोठे आहे ते शोधा आणि लागणारी बॅटरी किंवा डबी तिजोरीबाहेर ठेवा.

३. सेल वर्षातून एकदा, चारही एकदम बदला. लक्षात राहावे म्हणून एखादा ठराविक दिवस धरा. चांगल्या प्रतीचे अल्कलाइन सेल घ्या. घड्याळाचे स्वस्त सेल एकदम लागणारा जोर देत नाहीत. पुन्हा चार्ज होणारे सेल सहसा दीड व्होल्टऐवजी सव्वा व्होल्टच्याच जवळपास असतात, म्हणून तेही नकोत.

४. नव्या सेलवर नंबर आणि साधी चावी दोन्ही चालवून पाहा. हे दार उघडे ठेवूनच करा. दांडे बाहेर काढून पुन्हा आत जातात का ते पाहिल्याशिवाय दार लावू नका.

५. तांबडा दिवा किंवा वेगळा आवाज ही सूचना आहे. आमच्या घरी तो दिवा दोन महिन्यांपासून लागत होता.

६. सेलच्या जागेत पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल फुटले आहेत. ती पूड कातडीला चांगली नसते. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून सेल काढा, व्हिनेगरचा बोळा फिरवून जागा पुसा, वाळल्यावर नवे सेल घाला. नदीकाठच्या दमट गावांत दर पावसाळ्यात एकदा पाहावे.

७. तिजोरी कोंबून भरू नका. आणि ती भिंतीला किंवा फरशीला आतून बोल्टने बसवा. सुटी छोटी तिजोरी चोर उघडत बसत नाही, उचलून नेतो.

८. नंबर घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावा आणि त्यात घरची बाई असावीच.

कागदांची दुसरी वाट

दार उघडले नसते तर? सोमवार चुकला असता, पण सारे संपले नसते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ आता संगणकावर अल्प शुल्कात मिळतो. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारच्या डिजिलॉकरमध्ये आधार, वाहन परवाना आणि कित्येक मंडळांची गुणपत्रके मिळतात. संबंधित खात्यानेच तेथे जारी केलेला कागद मूळ कागदासारखा मानला जातो. आपण मोबाईलने फोटो काढून चढवलेल्या प्रतीला तो मान नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. गुणपत्रकाची दुय्यम प्रत शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडून मिळते. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी शाळेत, तर जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी, म्हणजे कोतवाल बुकातील गाव नमुना १४ च्या नकलेसाठी, तहसील कचेरीत अर्ज करावा. या सर्वांना दिवस लागतात. म्हणून ज्या कागदाची दुसरी प्रत मिळणे कठीण, त्याच्या साक्षांकित नकला आजच काढून दुसऱ्या घरी ठेवाव्यात.

सोने थोडे जास्त असेल तर बँकेच्या लॉकरचा विचार करावा. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. लॉकर घेताना वारसाचे नाव लावायला विसरू नये. परंतु वरचेवर लागणारे कागद घरीच बरे.

शेवट गोड झाला. सोमवारी पहाटेच्या गाडीने बाप-लेक पुण्याला गेले. सारे मूळ कागद दाखवून आले. पुतणीचा प्रवेश झाला.

आता तिजोरीचा नंबर नवा आहे आणि तो वहिनींनी ठरवला आहे. विहाराला माइकची नवी बॅटरी आणून दिली. एक जादा बॅटरी आमच्या फडताळात मिठाच्या बरणीशेजारी असते. आणि ती छोटी चावी? ती आमच्या बहिणीकडे भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात आहे. बँकेची जादा किल्ली दुसऱ्या शाखेत असते ना, तशी. आईच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातच ती ओवून दिली आहे.

आपल्या घरची चावी कोठे आहे, हे वाचून होताच एकदा उठून पाहा.